गोठविलेला गर्भ आणि प्राणवायु

प्राणवायु हें नांव ज्यानें ठेविलें, त्यानें त्या वायूची एकच बाजू पाहिली असावी. ज्याच्यावांचून माणूस चार-दोन मिनिटांपलीकडे तग धरीत नाहीं, त्याला प्राणाचें नांव मिळावें हें स्वाभाविकच होय. परंतु ह्या वायूची दुसरी बाजू प्रत्येक गृहिणीला, त्याचें नांवही न घेतां, चांगली ठाऊक असते. तळणीचें तेल उघडें राहिलें कीं त्याला खवट वास येऊं लागतो. डब्यांतील सुकें खोबरें जुनें झालें कीं तोंडांत धरवत नाहीं. कापून ठेवलेलें सफरचंद पाहुणे येईपर्यंत काळवंडतें, आणि विळीचें पातें ओलें राहिलें तर दुसऱ्या दिवशीं त्यावर तांबूस गंज दिसतो. रसायनशास्त्र ह्या सर्व प्रकारांना ऑक्सिडीकरण असें एकच नांव देतें. खवटपणा, गंज आणि काळवंडणें हीं एकाच घराण्यांतील भावंडें आहेत. आणि गोठवून ठेविलेला मानवी गर्भ पुन्हा उबेंत येऊन जागा होऊं लागतो तेव्हां त्याच्यावरही हेंच घराणें चाल करून येतें.

मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांतील कितीतरी कुटुंबांच्या दृष्टीनें हा विषय आज केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाहीं. स्त्रीच्या शरीराबाहेर बीजाचें फलन घडवून आणल्यावर पुष्कळदां एकाहून अधिक गर्भ हातीं येतात. गर्भ म्हणजे येथें फलनानंतरच्या पहिल्या पांच-सहा दिवसांतील, टांचणीच्या माथ्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका. त्यांतील एखादाच गर्भाशयांत सोडतात. बाकीचे द्रवरूप नत्रवायूंत, शून्याखालीं १९६ अंश सेंटिग्रेड इतक्या थंडींत, पुढील प्रयत्नासाठीं ठेवून देतात. कर्करोगावरील उपचारांनीं बीजें नष्ट होण्याचा संभव असतो, म्हणून ते उपचार सुरू होण्यापूर्वीं एखादें तरुण जोडपें हाच मार्ग धरतें. मग दोन महिन्यांनीं किंवा सहा वर्षांनीं तो गर्भ बाहेर काढण्याचा दिवस उगवतो. बाहेर बसलेल्या पतिपत्नींना त्या सकाळीं एकच वाक्य ऐकावयाचें असतें: गर्भ वाचला. तें ऐकूनही पुढें कित्येकांच्या पदरीं निराशा येते. वाचलेला गर्भ रुजत कां नाहीं ह्याचीं कारणें अनेक आहेत; मातेचें वय आणि गर्भांतील गुणसूत्रांचे दोष हीं त्यांतील सर्वांत मोठीं. परंतु एक कारण गोठविण्याच्या आणि वितळविण्याच्या क्रियेंतच दडलेलें आहे, आणि त्याचा उलगडा बराच उशिरा होऊं लागला.

उशीर होण्याचें कारण असें कीं, आरंभीं सर्वांचें लक्ष बर्फाकडे होतें, आणि तें योग्यही होतें. कांचेची बाटली पाण्यानें काठोकाठ भरून बर्फाच्या कपाटांत ठेवली तर ती फुटते. पेशीच्या आंत बर्फाचे स्फटिक झाले म्हणजे तिचीही तीच गत होते. बर्फ पेशीच्या बाहेर झाला तरी सुटका नसते. पाण्याचा जेवढा भाग बर्फ बनतो तेवढा द्रवांतून कमी होतो, उरलेलें पाणी अधिकाधिक खारट होत जातें, आणि मिठांत घातलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटावें तसें पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें. फार हळू थंड करावें तर पेशी शोषानें मरते, घाईनें थंड करावें तर आंत बर्फ होऊन मरते.

ह्या दोहोंमधली वाट सांपडली ती अंशतः एका बाटलीच्या घोटाळ्यामुळें. लंडनमधील मिल हिल येथील संशोधन-संस्थेंत क्रिस्टोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स हे कोंबड्याचे शुक्रजंतु गोठविण्याच्या खटपटींत होते. फळांतील साखरेचा द्राव वापरून पाहिला, पण यश येईना. तो द्राव थंड कपाटांत पडून राहिला. कांहीं महिन्यांनीं त्याच बाटलींतील द्राव पुन्हा वापरला, तों शुक्रजंतु वितळल्यावर हालचाल करूं लागले! आश्चर्य असें कीं साखरेचा ताजा द्राव केला तर त्यास तो गुण येईना. बाटलींत उरलेला अंश रासायनिक परीक्षेस धाडला तेव्हां उमगलें कीं तिच्यांत साखर नव्हतीच. होतें तें ग्लिसरीन, अंड्यांतील पांढऱ्या बलकांत असणारें अल्ब्युमिन आणि पाणी. शरीराचे पातळ काप कांचेवर चिकटविण्यासाठीं प्रयोगशाळेंत असें मिश्रण ठेवीत असत. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ग्लिसरीन पेशींत शिरतें, पाण्याला धरून ठेवतें आणि त्याचा सहजासहजीं बर्फ होऊं देत नाहीं, हा शोध १९४९ सालीं प्रसिद्ध झाला आणि एका नव्या विद्येचा पाया पडला.

शुक्रजंतूनंतर गर्भाची पाळी यावयास तेवीस वर्षें लागलीं. १९७२ सालीं अमेरिकेंतील ओक रिज येथें डेव्हिड व्हिटिंगहॅम, स्टॅन्ली लीबो व पीटर मेझर यांनीं उंदराचे २,५०० हून अधिक गर्भ गोठविले. दर मिनिटास फार तर दोन अंश इतक्या मंद गतीनें ते थंड केले आणि मंद गतीनेंच ते उबेंत आणले. शेंकडा ५० ते ७० गर्भ पुढील अवस्थेपर्यंत वाढले, आणि उंदरीच्या गर्भाशयांत सोडलेल्या गर्भांपासून धडधाकट पिल्लें झालीं. माणसाच्या बाबतींत मेलबर्न येथें ॲलन ट्राउन्सन व लिंडा मोर यांनीं १९८३ सालीं गोठविलेल्या गर्भापासून गर्भधारणा झाल्याचें प्रसिद्ध केलें. ती पूर्णत्वास गेली नाहीं, पण पुढच्याच वर्षीं त्याच शहरांत अशा गर्भापासून मूल जन्मास आलें.

येथें कलकत्त्याचा उल्लेख गाळणें अन्यायाचें होईल. इंग्लंडांत शरीराबाहेरील फलनानें झालेलें पहिलें मूल २५ जुलै १९७८ रोजीं जन्मलें. त्यानंतर सवादोन महिन्यांनीं, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनीं एका मुलीचा जन्म झाला. तिचा गर्भ आठ पेशींचा असतांना गोठविला होता, त्रेपन्न दिवस तसाच ठेवला होता, आणि मग मातेच्या गर्भाशयांत सोडला होता, असें त्यांचें प्रतिपादन होतें. बंगालच्या सरकारनें नेमलेल्या समितीनें तें खोटें ठरविलें. मुखोपाध्यायांनीं १९८१ सालीं आपलें जीवन संपविलें. पुढें १९८६ सालीं मुंबईंत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनीं जें मूल जन्मलें, तें भारतांतील पहिलें म्हणून नोंदलें गेलें. परंतु त्याच आनंदकुमारांनीं १९९७ सालीं मुखोपाध्यायांचे जुने कागद अभ्यासून पहिलेपणाचा मान जाहीरपणें त्यांस देऊं केला. स्वतःचा मान दुसऱ्याच्या पदरांत टाकणारे शास्त्रज्ञ थोडे असतात.

मंद गतीच्या रीतीची जागा आज बहुतेक ठिकाणीं दुसऱ्या रीतीनें घेतली आहे. साखरेचा पाक सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे खडे बनतात. तोच पाक घट्ट आटवून थंड पाटावर पटकन ओतला तर चिक्कीची पारदर्शक कांच होते, तींत स्फटिक नसतात. विल्यम रॅल व ग्रेगरी फाही यांनीं १९८५ सालीं उंदराच्या गर्भाभोंवतालच्या द्रवाची अशीच कांच करून दाखविली. जपानांतील मासाशिगे कुवायामा यांनीं ही रीत इतकी सुटसुटीत केली कीं गर्भ एका पातळ पट्टीवर, थेंबाच्याही अत्यल्प अंशांत ठेवून सरळ द्रव नत्रवायूंत बुडवितां येतो. तो दर मिनिटास सुमारें २३,००० अंश ह्या वेगानें थंड होतो, आणि बाहेर काढतांना सुमारें ४२,००० अंश ह्या वेगानें उबेंत येतो. दोन्ही वेगांत उबेंत येण्याचा वेग अधिक महत्त्वाचा, असें मेझर व शिनसुके सेकी यांनीं उंदराच्या बीजांवर प्रयोग करून दाखविलें आहे. कांच सावकाश तापली तर वाटेंत तिच्यांत बर्फाचे स्फटिक उगवतात, आणि जातांना टळलेलें संकट येतांना गांठतें.

इतकें झाल्यावर प्रश्न सुटला असें वाटावें. चांगल्या प्रयोगशाळेंत पांचव्या दिवसाचे गर्भ ह्या रीतीनें गोठवून वितळविले असतां दहांतील नऊ किंवा त्याहूनही अधिक वाचतात. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्यांच्या पेशी अखंड दिसतात; आकसलेला गर्भ दोन-चार तासांत पुन्हा फुगतो. परंतु अखंड दिसणें आणि धडधाकट असणें ह्यांत अंतर आहे. पूर ओसरल्यावर घर बाहेरून उभें दिसतें. भिंतींत ओल किती मुरली आहे तें मागाहून कळतें. बर्फ टळल्यावरही पेशी दुखावते ती कशानें, हा प्रश्न शिल्लक राहिला, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग प्राणवायूपाशीं सांपडला.

पेशींत मायटोकाँड्रिया नांवाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. अन्नांतून निघालेले इलेक्ट्रॉन तेथें एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोंपविले जातात आणि शेवटीं प्राणवायूच्या स्वाधीन होतात. ह्या देवघेवींतून पेशीला शक्ति मिळते. आग विझवितांना माणसांची रांग करून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढें देतात, तशी ही रांग समजावी. अशा रांगेंत थोडें पाणी सांडतेंच. कांहीं इलेक्ट्रॉन मधेंच निसटतात आणि भलत्या ठिकाणीं प्राणवायूच्या रेणूवर जाऊन बसतात. असा इलेक्ट्रॉन चिकटलेला प्राणवायु म्हणजे सुपरऑक्साइड. त्याचें पुढें हायड्रोजन पेरॉक्साइड होतें. जखमेवर घातलें असतां जें औषध फसफसतें तेंच हें. आणि ह्या पेरॉक्साइडला मोकळें लोह भेटलें कीं हायड्रॉक्सिल नांवाचा असा जहाल कण निर्माण होतो, कीं तो समोर येईल त्या रेणूचा लचका तोडतो. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या जोडीचा हा प्रताप केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनीं १८९४ सालीं वर्णिला, आणि त्यांनीं तो पाहिला टार्टारिक आम्लावर, म्हणजे चिंचेला जें आंबट करतें त्या द्रव्यावर. गर्भाशीं त्याचा कांहीं संबंध असेल ही कल्पनाही तेव्हां कोणास नव्हती.

निरोगी पेशी हें सांडलेलें पाणी लगेच पुसून काढते. सुपरऑक्साइडची विल्हेवाट लावणारें एक स्वतंत्र द्रव्य पेशींत असतें, असें जो मॅक्कॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनीं १९६९ सालीं दाखविलें. पेरॉक्साइडसाठीं कॅटलेज आहे, आणि सर्वांच्या मदतीस ग्लुटाथायोन हा लहानसा पण अत्यंत उपयोगी रेणु आहे. अडचण अशी कीं, कोंवळा गर्भ ह्या बाबतींत जवळजवळ सर्वस्वीं आईच्या शिदोरीवर चालतो. बीज परिपक्व होतांना तिनें त्यांत जें ग्लुटाथायोन भरून दिलें, तेंच पहिले कांहीं दिवस खर्चावयाचें. मायटोकाँड्रियाही तिनेंच दिलेले. पहिल्या दिवसांत ते नवे होत नाहींत, पेशींचें विभाजन होत जाईल तसे वांटले मात्र जातात. अशा गर्भाच्या गांठीं संकटासाठीं राखून ठेवलेला पैसा फारसा नसतो.

गोठविणें आणि वितळविणें हें नेमकें त्या पुंजीवर येतें. गोठविण्यापूर्वीं संरक्षक द्रव्यें शिरवितांना गर्भ आकसतो, तीं काढून घेतांना फुगतो, आणि ह्या ओढाताणींत भट्ट्यांच्या नाजूक पडद्यांना धक्का बसतो. उष्णमान उतरूं लागलें कीं पेशींतील सर्व क्रिया सारख्याच मंदावत नाहींत. इलेक्ट्रॉनची रांग विस्कळित होते आणि सांडलेलें पुसणारे हातही गारठतात. कांहीं पेशींत थंडीमुळें बांधून ठेवलेलें लोह मोकळें होतें, असेंही आढळलें आहे. म्हणजे फेंटन यांच्या क्रियेला लागणारें साहित्य आयतेंच तयार. मग अगदीं खालच्या उष्णमानांत सारें थांबतें. आणि उबेंत येतांना रांग पुन्हा चालूं लागते ती वेडीवांकडी, भोंवतालीं प्राणवायु मुबलक, आणि पुसणारें ग्लुटाथायोन घटलेलें. गोठवून वितळविलेल्या बीजांत व गर्भांत पेरॉक्साइड वाढलेलें आणि ग्लुटाथायोन उणावलेलें अनेक प्रयोगशाळांनीं मोजलें आहे. हृदयरोगाच्या वैद्यांना हें चित्र ओळखीचें वाटेल. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी केली म्हणजे परतणाऱ्या रक्ताबरोबर येणारा प्राणवायूच स्नायूला कांहीं इजा करतो. उपाशी माणसास एकदम पंगतीला बसवावें तसें होतें.

इजा होते ती मुख्यतः तीन ठिकाणीं. गुणसूत्रांतील डी. एन. ए. चे धागे तुटतात, पेशींतील प्रथिनें बिघडतात, आणि पेशीचीं आवरणें खवट होतात. हा शेवटचा शब्द येथें अलंकार म्हणून योजलेला नाहीं. पेशीचें आवरण स्निग्ध रेणूंचें असतें, आणि त्यांतील कांहीं रेणु करडईच्या तेलांतील रेणूंप्रमाणें पातळ व चटकन बिघडणारे असतात. खोबरेल तेल किंवा तूप टिकतें त्यामानानें करडईचें तेल लवकर खवट होतें, हें स्वयंपाकघरांत ठाऊकच आहे. एका रेणूला हायड्रॉक्सिलचा डंख झाला कीं तो शेजाऱ्याला डंखतो, तो पुढच्याला, आणि ही सांखळी कोणीतरी मधें पडून थांबवीपर्यंत चालते. ई जीवनसत्त्वाचें पेशींतील काम मुख्यतः असें मधें पडण्याचेंच आहे.

स्निग्धांशाचें महत्त्व डुकराच्या गर्भावरून स्पष्ट झालें. गाईचे व उंदराचे गर्भ गोठूं लागल्यावरही कित्येक वर्षें डुकराचे गर्भ हातीं लागत नव्हते. सुमारें पंधरा अंशांच्या खालीं नेले कीं ते मरत, बर्फाचा प्रश्न तर दूरच. त्यांच्यांत स्निग्धांश इतका कीं ते काळपट दिसतात. हिरोशी नागाशिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, हा स्निग्धांश फिरत्या यंत्रानें एका बाजूस आणून शोषून काढला, तर ते गर्भ गोठविणें सहन करतात, आणि त्यांपासून पिल्लेंही झालीं. ह्याचें सगळें खापर खवटपणावर फोडतां येणार नाहीं. हिंवाळ्यांत खोबरेल थिजावें तशी चरबी थिजते आणि पेशीची मोडतोड करते, हेंही कारण आहे. तथापि दोन्ही कारणें मिळून असा गर्भ अधिक संकटांत सांपडतो, एवढें निश्चित.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो घरोघर चिंता उत्पन्न करतो. गर्भ जितकीं वर्षें नत्रवायूंत राहील तितका तो बिघडत जाईल, अशी समजूत पुष्कळांची असते. ती बर्फाच्या कपाटांतील मासळीवरून झालेली असावी. बांगड्यासारखी तेलकट मासळी तेथें कांहीं महिने ठेवली तर तिला खवट वास येतो, हें खरें. परंतु तेथें उष्णमान शून्याखालीं अठरा अंशांच्या आसपास असतें. मासळींतील सर्व पाणी गोठलेलें नसतें, आणि ऑक्सिडीकरण मंद गतीनें चालूच राहतें. १९६ अंशांखालीं रेणूंना जागेवरून हलतांही येत नाहीं, मग एकमेकांस डंख कोठून मारणार? तेथें काळ जवळजवळ थांबतो. १९९४ सालीं गोठविलेल्या गर्भापासून २०२५ सालीं अमेरिकेंत मूल जन्मलें. भारतांत २०२१ च्या कायद्यानें गर्भ साठविण्यास दहा वर्षांची मर्यादा घातली आहे. ती व्यवहाराची मर्यादा आहे, दहा वर्षांनीं गर्भ नासतो असा तिचा अर्थ कोणीं घेऊं नये. काळजी घ्यावयाची ती टांकी सतत भरलेली राहते कीं नाहीं याची, आणि जातांनाच्या व येतांनाच्या त्या थोड्या मिनिटांची.

किंबहुना त्या मिनिटांच्या आधींची आणि नंतरची काळजीही तितकीच महत्त्वाची. स्त्रीच्या गर्भनलिकेंत व गर्भाशयांत प्राणवायूचें प्रमाण साधारण शेंकडा दोन ते आठ असतें. हवेंत तें एकवीस. अनेक वर्षें प्रयोगशाळेंतील उबवणीच्या पेट्यांत हवेंतलाच प्राणवायु असे, कारण तेंच सोयीचें व स्वस्त होतें. पेटींत नत्रवायु सोडून हें प्रमाण पांचावर आणलें असतां गर्भ अधिक चांगले वाढतात आणि जिवंत अपत्यें होण्याचा संभव वाढतो, असें तौलनिक परीक्षांतून दिसून आलें. जो गर्भ आधींच चार दिवस अधिक प्राणवायूंत काढून आपली पुंजी खर्चून बसला आहे, तो गोठविण्याच्या प्रवासास निघतांना निम्मा दिवाळखोर असतो. प्रकाशाचेंही तसेंच. गर्भाला निसर्गांत उजेड कधींच दिसत नाहीं. तीव्र दिव्याखालीं पेशींत पेरॉक्साइड वाढतें, म्हणून चांगल्या प्रयोगशाळांत मंद उजेडांत काम करतात.

आणि तेल. गर्भ ज्या थेंबांत वाढतो तो थेंब सुकूं नये म्हणून त्यावर शुद्ध खनिज तेलाचा थर घालतात. हें तेल ऊन लागून किंवा उष्ण जागीं राहून जुनें झालें तर त्यांतही पेरॉक्साइडें बनतात आणि खालच्या गर्भाला विष देतात. एखाद्या खेपेचे सर्वच गर्भ कां खुंटले ह्याचा शोध करतां करतां शेवटीं तेलाच्या बाटलीपाशीं यावें लागल्याचे दाखले शास्त्रीय वाङ्मयांत आहेत. म्हणून तेलाची प्रत्येक नवी खेप आधीं उंदराच्या गर्भावर तपासून मगच वापरतात. तेल हुंगून पाहणारी गृहिणी निराळें काय करते?

आतां उपाय. पेशीची पुंजी घटते, तर ती बाहेरून भरून द्यावी, हा विचार साहजिकच सुचला. मिशेल लेन, डेव्हिड गार्डनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं उंदराचे गर्भ गोठवितांना द्रावांत क जीवनसत्त्व घातलें. वितळल्यावर त्या गर्भांत पेरॉक्साइड कमी आढळलें आणि ज्या पेशींपासून पुढें बालकाचें शरीर बनतें त्या पेशींची वाढ अधिक चांगली झाली. पुढें गार्डनर व थी ट्रुओंग यांनीं मेलबर्न येथें तीन निराळीं द्रव्यें एकत्र करून हाच प्रयोग कांचेच्या रीतीसाठीं केला, आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणें उंदराचे गर्भ अधिक चांगले तगले. हे निष्कर्ष आशादायक आहेत, यांत शंका नाहीं. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ज्या स्त्रियांचें वय वाढलेलें आहे, ज्यांचीं बीजें मुळांतच थोडीं आहेत, त्यांच्या गर्भांवर असाच परिणाम होतो हें ठरविण्यास मोठ्या परीक्षा व्हावयास हव्यात, आणि त्यांचें मोजमाप सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणाऱ्या वाचण्यावर न होतां घरीं आलेल्या मुलांवर झालें पाहिजे.

शिवाय पुंजी भरून देण्यालाही मर्यादा आहे. प्राणवायूचे हे कण केवळ दुष्ट नाहींत. शुक्रजंतूला बीजांत शिरण्यायोग्य बनविण्यास आणि पेशींना परस्परांशीं निरोप पोंचविण्यास ते अल्प प्रमाणांत लागतात. सर्वच पुसून टाकले तर पेशीचें कामकाज अडतें. क जीवनसत्त्वाची तर आणखी एक खोड आहे: मोकळें लोह जवळ असतां तें त्या लोहाला पुन्हा पुन्हा ताजें करून देतें, आणि हायड्रॉक्सिल कमी होण्याऐवजीं वाढूं शकतें. मग तेंच द्रव्य रक्षक न राहतां घरभेदी ठरतें. म्हणून किती, केव्हां आणि कोणत्या द्रावांत, हें तोलून ठरवावें लागतें.

औषधांच्या दुकानांत आज ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या गोळ्या अपत्याची इच्छा करणाऱ्या स्त्रीपुरुषांना सर्रास विकल्या जातात. त्यांच्यासंबंधींच्या परीक्षांचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं तो पुरावा दुर्बळ प्रतीचा आहे, असेंच वेळोवेळीं म्हटलें आहे. आणि गोठविलेल्या गर्भाचें म्हणाल तर तो आधींच टांकींत आहे. आईनें आतां घेतलेली गोळी त्याच्यापर्यंत पोंचणार कशी? त्याला जें कांहीं मिळावयाचें तें प्रयोगशाळेंतच मिळणार: उबेंत येण्याचा योग्य वेग, योग्य द्राव, मंद उजेड, ताजें तेल. ज्या जोडप्याला आपला गर्भ कोठें तरी सोंपवावयाचा आहे, त्यानें गोळीची किंमत विचारण्याऐवजीं उबवणीच्या पेटींत प्राणवायु पांच टक्के ठेवतात कीं हवेइतका, एवढें विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक प्रयोगशाळेला ठाऊक असतें, आणि तें सांगावयास एक मिनिटही लागत नाहीं.